बिल्ला, बंद दारे आणि रिकामा रस्ता

जुन्या वेस्टर्न चित्रपटांविषयी आपल्याकडे एक ठरीव समज आहे. घोडा, रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल आणि शेवटी समोरासमोर उभी ठाकलेली दोन माणसे. ज्याचा हात आधी चालला तो नायक. हा समज अगदीच खोटा नाही. असल्या चित्रपटांचा हॉलीवूडने ढीग पाडला. पण हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहताना माझे लक्ष पिस्तुलांवरून केव्हाच उडाले आणि एका वेगळ्याच प्रश्नावर जाऊन बसले : गोळीबार सुरू होतो तेव्हा गावातली बाकीची माणसे कुठे असतात? खिडक्या लागतात, दुकानांची दारे बंद होतात, आया मुलांना आत ओढून घेतात आणि रस्ता रिकामा होतो. चित्रपट पुढे सरकतो आणि आपणही त्या रिकाम्या रस्त्याकडे नेपथ्य म्हणून पाहतो. माझ्या मते वेस्टर्नचा खरा विषय तो रिकामा रस्ताच आहे.

या प्रश्नावरून दोन मोठे चित्रपट एकमेकांशी उघड भांडले आहेत. पहिला फ्रेड झिनेमान यांचा ‘हाय नून’ (१९५२) आणि दुसरा हॉवर्ड हॉक्स यांचा ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९). रसिकांमध्ये या दोहोंचे सरळ दोन पक्ष पडतात. मी कोणत्या पक्षात आहे आणि का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

‘हाय नून’ची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. हॅडलीव्हिल नावाच्या लहानशा गावाचा मार्शल विल केन लग्न करून, बिल्ला उतरवून गाव सोडायला निघालेला असताना बातमी येते की, त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर माफी मिळवून दुपारी बाराच्या गाडीने परत येत आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर त्याची वाट पाहत बसले आहेत आणि केन थोडा पुढे जाऊन माघारी फिरतो. चित्रपट ८५ मिनिटांचा आहे, आणि पडद्यावरचा काळ जवळजवळ तेवढाच. भिंतीवरची घड्याळे वारंवार दिसतात, काटा सरकत राहतो. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉसबी यांनी यादवी युद्धाच्या काळातल्या जुन्या छायाचित्रांसारखी सपाट, पांढऱ्याफटक आभाळाची प्रतिमा मुद्दाम साधली. एरवीच्या वेस्टर्नमधले देखणे ढग इथे नाहीत. आहे तो नुसता उन्हाचा रखरखाट.

या तासाभरात केन काय करतो? तो दारोदार फिरून माणसे मागतो. नायकाने पिस्तूल साफ करत बसायचे सोडून वर्गणी मागितल्यासारखे हिंडावे, हेच त्या काळच्या प्रेक्षकाला नवे होते. न्यायाधीश भिंतीवरचा राष्ट्रध्वज आणि न्यायाचा तराजू काढून पिशवीत भरतो आणि घोड्यावर बसून चालू लागतो. दुय्यम अधिकारी हार्वी पेल याला मदतीच्या बदल्यात मार्शलची जागा हवी असते. एक मित्र आत दडून बायकोला दारात पाठवतो आणि ‘घरी नाहीत’ असे सांगायला लावतो. केनला ज्याच्याविषयी आदर, तो म्हातारा माजी मार्शल आपले संधिवाताने वाकडे झालेले हात दाखवतो. हॉटेलचा कारकून तर साफ सांगतो की, मिलरच्या काळात धंदा बरा चालायचा.

पण या चित्रपटाचा गाभा म्हणजे चर्चमधला प्रसंग. मला विचाराल तर अमेरिकी सिनेमात सभेचे इतके खरे चित्रण क्वचितच झाले आहे. केन भर प्रार्थनेत येऊन माणसे मागतो. काहीजण ताडकन उठतातही. एवढ्यात कोणीतरी म्हणतो, आधी जरा चर्चा होऊ द्या. आणि चर्चा सुरू झाली की सगळे संपते. मुलांना बाहेर पाठवले जाते. एकजण म्हणतो, मार्शलसाठी आम्ही पैसे मोजतो, मग हे आमचे काम कसे? दुसरा म्हणतो, दोष उत्तरेकडच्या राजकारण्यांचा, त्यांनी मिलरला सोडलेच का? एक बाई उभी राहून सगळ्यांना जुने दिवस आठवून देते. धर्मोपदेशक म्हणतो की, माणसांना मारायला आणि मरायला जा असे मी कसे सांगू? शेवटी केनचा मित्र हेंडरसन बोलायला उठतो. तो केनची भरभरून स्तुती करतो आणि त्याच दमात सुचवतो की, उत्तरेकडून गावात पैसा येऊ घातला आहे, रस्त्यात मुडदे पडल्याची बातमी गेली तर तो येणार नाही. तेव्हा तू निघून गेलास तर बरे.

यातला एकही माणूस खलनायक नाही. प्रत्येकाजवळ कारण आहे आणि प्रत्येक कारण सुटे घेतले तर समंजस आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत किंवा संस्थेच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हा आवाज ओळखीचा वाटेल. भित्रेपणा भित्रेपणाच्या वेषात येत नाही. तो व्यवहार, कायदा, धर्म आणि विकास यांच्या भाषेत बोलतो, हे या दहा मिनिटांनी दाखवले.

पटकथाकार कार्ल फोरमन हे सगळे हवेतून लिहीत नव्हते. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलीवूडमधल्या लोकांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाची चौकशी समिती त्या काळात बोलावत होती. १९५१च्या सप्टेंबरात, चित्रीकरण चालू असतानाच, फोरमन यांना समितीसमोर जावे लागले. त्यांनी इतरांची नावे सांगण्यास नकार दिला. निर्माते स्टॅन्ली क्रेमर यांच्याशी असलेली भागीदारी तुटली, अमेरिकेत काम मिळेना आणि ते इंग्लंडला गेले. पुढे ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ची पटकथा त्यांनी मायकेल विल्सन यांच्यासह लिहिली, पण ऑस्कर मिळाले ते मूळ कादंबरीकार पिएर बूल यांच्या नावाने, ती चूक अकादमीने दुरुस्त केली १९८४ साली. मित्रांनी रस्ता ओलांडून दुसरीकडून जाणे म्हणजे काय, हे फोरमन यांना संवाद लिहिता लिहिता कळत होते. गंमत अशी की, केनची भूमिका करणारे गॅरी कूपर राजकारणाने उजवे होते आणि १९४७ साली त्याच समितीपुढे त्यांनी राजीखुशीने साक्ष दिली होती. तरी फोरमन अडचणीत आल्यावर कूपर यांनी त्यांची बाजू घेतली.

जॉन वेन यांना हा चित्रपट मनापासून खटकला. १९७१च्या एका मुलाखतीत त्यांनी तो अमेरिकेच्या विरोधातला ठरवला आणि फोरमन यांना देशाबाहेर घालवण्यात आपला हातभार लागल्याची खंत नाही, असेही सांगितले. शेवटी केन आपला बिल्ला पायाखाली तुडवतो, याचा त्यांना विशेष राग होता. चित्रपट पाहिलेल्यांना ठाऊक आहे की, केन बिल्ला तुडवत नाही. तो काढतो, धुळीत टाकतो आणि गाडीत बसून निघून जातो. तुडवणे म्हणजे पदाचा अपमान. टाकणे म्हणजे ज्यांनी तो दिला त्यांना परत करणे. भोवती जमलेल्या गावकऱ्यांसमोर केन तो टाकतो, यातच सगळे आले.

हॉक्स यांचा आक्षेप राजकारणाचा नव्हता, कारागिराचा होता. चांगला शेरीफ असा गावभर मदत मागत फिरणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याचे उत्तर म्हणून त्यांनी वेन यांनाच घेऊन ‘रिओ ब्राव्हो’ काढला. शेरीफ जॉन टी. चान्स याने एका बड्या जमीनदाराच्या भावाला खुनासाठी कोठडीत टाकले आहे, मार्शल येईपर्यंत त्याला सांभाळायचे आहे आणि जमीनदाराची माणसे गावाला वेढा घालून आहेत. जुना मित्र व्हीलर मदत देऊ करतो. चान्स ती नाकारतो : बायकापोरे असलेले हौशी लोक उपयोगाचे नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. चान्सच्या बाजूने अखेर कोण उभे राहते ते पाहा. दारूने हात थरथरणारा ड्यूड, लंगडा आणि तोंडाळ म्हातारा स्टम्पी, आणि कोलोरॅडो नावाचा कोवळा पोरगा. आता ‘हाय नून’कडे वळा. केनकडे आपण होऊन येतात ते दोघेच : एक डोळा गेलेला दारुडा जिमी आणि चौदा वर्षांचा एक मुलगा. केन दोघांनाही माघारी पाठवतो. म्हाताऱ्या मार्शलच्या हातांमुळे तोही बाजूला होतो. दारुडा, म्हातारा आणि पोर : केनने ज्यांना वगळले त्यांच्यातूनच हॉक्स यांनी आपली फौज उभी केली. हे त्यांनी ठरवून केले की कसे, याच्याशी मला कर्तव्य नाही. दोन चित्रपट शेजारी ठेवले की ते दिसते आणि एकदा दिसले की विसरता येत नाही.

म्हणून ‘रिओ ब्राव्हो’ मला शौर्याबद्दलचा चित्रपट वाटत नाही, तो माणूस पुन्हा उभा करण्याबद्दलचा चित्रपट आहे. सुरुवातीची काही मिनिटे संवादच नाहीत. ड्यूडला दारूसाठी पैसे हवेत म्हणून कोणी पिकदाणीत नाणे टाकतो आणि तो ते काढायला वाकतो. पुढे एका रात्री समोर भरलेला पेला असताना बाहेर शत्रूने वाजवायला लावलेली ‘देग्वेयो’ची धून ऐकू येते आणि ड्यूड ती दारू पुन्हा बाटलीत ओततो. हात थरथरत नाही, एक थेंब सांडत नाही. १४१ मिनिटांच्या या चित्रपटात हाणामारी भरपूर आहे, पण सर्वांत मोठा पराक्रम हाच. नवल म्हणजे दोन्ही चित्रपटांचे संगीतकार एकच, दिमित्री टिओम्किन.

शिवाय हॉक्स यांचा सिद्धान्त त्यांच्याच गोष्टीत टिकत नाही. मदत नको म्हणणाऱ्या चान्सला पावलोपावली मदत मिळते. फेदर्स खिडकीतून कुंडी फेकते, कोलोरॅडो वेळेवर बंदूक फेकतो, स्टम्पी सुरुंग घेऊन हजर होतो. आणि मदत मागणाऱ्या केनला शेवटी वाचवते ती एकटी त्याची नवपरिणीत पत्नी एमी. बाप आणि भाऊ गोळ्यांना बळी पडल्यावर हिंसा वर्ज्य मानणाऱ्या क्वेकर पंथात गेलेली. तिला हातात बंदूक घ्यावी लागते, ही गावाच्या मौनाची किंमत आहे आणि ती भलत्याच माणसाला मोजावी लागते.

तेव्हा निवाडा काय? हॉक्स यांचा चित्रपट अधिक उबदार, अधिक रंजक आणि माणसांवर अधिक प्रेम करणारा आहे, हे मला मान्य आहे. सुट्टीच्या दुपारी मी तोच लावतो. पण नागरिक म्हणून मला ‘हाय नून’ मोठा वाटतो. केन भीक मागत नाही. गावाचे रक्षण हे गावाचे काम आहे, पगारी माणूस फक्त त्याचा मुखत्यार आहे, ही आठवण तो करून देतो. मदत मागणे ही दुर्बळता मानली की लोकांना जबाबदारीतून सोडवणे फार सोपे होते. चान्सच्या गावात कोणाला विचारलेच जात नाही, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. त्या गावाची परीक्षा होतच नाही.

पुढच्या काळात हा प्रश्न कसा पुसट होत गेला, तेही पाहण्यासारखे आहे. ‘डर्टी हॅरी’ (१९७१) मध्ये क्लिंट ईस्टवूडही शेवटी बिल्ला फेकतो, पण पाण्यात; समोर कोणी नाही. त्याचा राग शहरावर नाही, वरिष्ठांवर आणि नियमांवर आहे. ‘डाय हार्ड’ (१९८८) मध्ये तर खलनायक नायकाला टोमणा मारताना ग्रेस केलीबरोबर जॉन वेनचे नाव घेतो आणि नायक चूक सुधारतो : तो गॅरी कूपर होता. विनोद छान आहे. पण या चित्रपटातले नागरिक एक तर ओलीस आहेत किंवा टीव्हीचे प्रेक्षक. त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नाही. अॅक्शनपट मला आवडतात, ‘डाय हार्ड’ तर फारच. मात्र वेस्टर्नकडून पिस्तूल उचलताना त्यांनी चर्चमधली सभा मागे ठेवली, हेही खरे.

आपल्याकडे ती सभा राहिली. ‘शोले’त (१९७५) अहमदच्या मृत्यूनंतर गावकरी कच खातात, जय आणि वीरूला गब्बरच्या हवाली करण्याची भाषा निघते, तेव्हा आंधळा इमाम त्यांना लाजवतो. हॅडलीव्हिलच्या चर्चमध्ये नेमका असा कोणी निघाला नाही. आणि मराठीत डॉ. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा ‘सामना’ आहे. त्यातला मास्तर मारुती कांबळेचे काय झाले एवढेच विचारत राहतो आणि सगळा गाव अस्वस्थ होतो. तो पाहताना मला जॉन स्टर्जेस यांचा ‘बॅड डे ॲट ब्लॅक रॉक’ (१९५५) आठवतो : आडगावी गाडीतून उतरलेला एका हाताचा परका माणूस कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो आणि गाव गप्प होते. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव आहे असे मी म्हणत नाही. गप्प बसणारी गावे जगात सगळीकडे आहेत, एवढेच.

१९८९च्या जूनमध्ये पोलंडमध्ये निवडणूक होती. ‘सॉलिडॅरिटी’ संघटनेच्या एका पोस्टरवर टोमाश सार्नेत्स्की या तरुण चित्रकाराने गॅरी कूपर उभा केला. छातीवर मार्शलचा बिल्ला, त्याच्या वर संघटनेचे चिन्ह, आणि हातात पिस्तुलाऐवजी मतपत्रिका. खाली तारीख, ४ जून. हॅडलीव्हिलचे दुखणे काय होते आणि त्यावर औषध काय, हे त्या चित्रकाराने एका कागदात सांगितले. त्या दिवशी पोलंडमधली माणसे दारे उघडून रस्त्यावर आली आणि रांगेत उभी राहिली.