एका वारेवरची जुळी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये कुंभकोणम् हे प्राचीन नगर वसले आहे. एके काळी तंजावरच्या मराठी राज्यात मोडणाऱ्या या कालव्यांच्या मुलखातील शेतकरी जाणतो, की एकमेकांस जोडलेल्या दोन पाटांपैकी एकाची पातळी एकाएकी खाली गेली, तर दुसऱ्याचे पाणी तिकडे धाव घेते आणि भरल्या पाटाकाठचे पीकही सुकते. मातेच्या उदरातही कधी कधी असेच घडते.

एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळ्यांची वार एकच असते. तिच्यातील रक्तवाहिन्यांनी दोन्ही गर्भ परस्परांशी जोडलेले असतात. चौदाव्या आठवड्यानंतर त्यांतील एक दगावला, तर त्याचा रक्तदाब नाहीसा होतो आणि जिवंत भावंडाचे रक्त तिकडे ओसरू लागते. मेंदूला काही काळ रक्त व प्राणवायू पुरत नाही. वाचलेले मूल सुखरूप जन्मते, असे पुष्कळदा घडते. परंतु अशा मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मेंदूच्या वाढीत उणीव राहते.

मृत गर्भातील विषारी द्रव्ये भावंडास बाधतात, असे पूर्वी मानीत. कुर्ट बेनिर्श्के या शास्त्रज्ञाने १९६१ साली रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांकडे बोट दाखविले होते. पुढे १९९० नंतरच्या दशकात वाचलेल्या गर्भांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांत रक्तक्षय आढळला, आणि रक्त ओसरण्याची मीमांसा बळावली.

हा केवळ शास्त्रार्थ नव्हे. इजा मृत्यूच्या क्षणी वा त्यालगतच होते; म्हणून वाचलेल्या गर्भाची घाईने प्रसूती केल्यास ती इजा भरून येत नाही, उलट अपुऱ्या दिवसांच्या जन्माचे संकट तेवढे ओढवते. धीर धरून काही आठवड्यांनी मेंदूची चुंबकीय प्रतिमा पाहणे अधिक हिताचे ठरते.

खरे रक्षण त्याआधीच्या सावधगिरीत आहे. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत सोनोग्राफीने वार एक की दोन हे कळते. एक असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी हवी.

मातेने ग्रहणात सुरी धरली, ओझे उचलले, म्हणून हे घडले असे घरोघर बोलले जाते. ते खरे नाही. एक मूल गमावलेल्या त्या मातेवर दोषाचे ओझे तरी कोणी लादू नये.