चकती फिरते, आपण थांबतो

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ साली आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. या दोन तारखांच्या मधल्या काळात, १९५६ मध्ये, आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या, मिनिटाला १,२०० फेरे आणि एवढं करून साठवण सुमारे ५० लाख अक्षरांची. आज मोबाइलच्या एका फोटोलाही जवळपास तेवढी जागा लागते. साठवण लाखो पटींनी वाढली, तरी फिरती चकती आणि तिच्यावर सरकणारा वाचक-दांडा ही रचना तीच राहिली. भिलाईच्या सेक्टरांतल्या घराघरांत दहा-दहा वर्षं चाललेल्या संगणकांत अजूनही तीच असते.

‘सिस्टम हँग होतंय, जरा फास्ट डिस्क टाका,’ असं भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात सांगायला जाण्याआधी थोडं गणित करावं. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या चकतीचा एक फेरा ११.१ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती दांड्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६ मिलिसेकंद लागतात. ७,२०० फेऱ्यांच्या चकतीला ४.२. त्यात दांडा जागेवर पोचण्याचे ९ ते १२ मिलिसेकंद मिळवा. म्हणजे पहिली डिस्क सेकंदाला साठच्या आतबाहेर ठिकाणची माहिती उचलते आणि दुसरी पंचाहत्तरच्या आसपास. संगणक सुरू होताना हजारो छोट्या फायली उचलाव्या लागतात. तिथे या फरकाने वाट पाहणं थोडं कमी होतं, संपत नाही. पुढे सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क आल्या. त्या महाग आणि तापणाऱ्या होत्या, शिवाय दांड्याची ये-जा त्यांनाही चुकली नाही.

दुर्गहून गोंदियाला पॅसेंजरने गेलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. राजनांदगाव, डोंगरगढ, सालेकसा, आमगाव असं थांबत जाणाऱ्या गाडीचा कमाल वेग वाढवला, तरी प्रवास फारसा आटोपत नाही. वेळ खातात ते थांबे. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं, सरकणारं काहीच नसल्याने हे थांबेच जवळजवळ नाहीसे होतात. माहिती साधारण एक दशांश मिलिसेकंदात किंवा त्याहूनही लवकर हाती येते. म्हणून हार्ड डिस्क काढून साधी साटा एसएसडी बसवली, की कोणालाही जाणवेल एवढा फरक पडतो. घरच्या संगणकावर एवढ्या पैशांत याहून मोठी सुधारणा मला माहीत नाही.

मग दुकानदार आणखी वेगवान, एनव्हीएमई प्रकारची एसएसडी दाखवतो. साटा एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट वाचते आणि एनव्हीएमईच्या खोक्यावर ३,५०० किंवा ७,००० लिहिलेलं असतं. आकडे खरे आहेत, पण ते एकसलग मोठ्या फायलींचे. समजा, एखादा प्रोग्रॅम उघडायला १० सेकंद लागतात आणि त्यांतली ८ डिस्कची आहेत. डिस्क दहापट वेगवान झाली की एकूण २.८ सेकंद लागतील. ती पुन्हा दुप्पट वेगवान केली तर २.४. उरलेली दोन सेकंदं प्रोसेसरची असतात आणि त्यांना डिस्क हात लावू शकत नाही. जीन अॅम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचा गाभा हाच. लग्नाचे तासनतास लांब व्हिडिओ जुळवणाऱ्याने एनव्हीएमई जरूर घ्यावी. निवृत्तीनंतर पेन्शनची कागदपत्रं, पत्ते आणि बातम्या पाहणाऱ्याला साटा पुरते. नव्या संगणकात एनव्हीएमईची जागा असेल आणि किमतीत फरक नसेल तर तीच घ्यावी, एवढंच.

डिस्क बदलून इंटरनेट सुधारत नाही. स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ मध्येच अडकतात त्याला बहुतेक वेळा जोडणी जबाबदार असते. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओलाही सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपासच माहिती लागते आणि जुनी हार्ड डिस्क ती सहज देते. दुसरीकडे, रॅम फक्त ४ जीबी असेल तर ब्राउझरच्या आठ-दहा खिडक्या उघडताच संगणक डिस्कलाच रॅम म्हणून वापरू लागतो. तिथे आधी रॅम वाढवावी.

म्हणून खर्च करण्यापूर्वी संगणक रेंगाळत असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांवर असेल आणि रॅम मोकळी असेल, तर एसएसडी घ्या. रॅमच भरलेली असेल तर रॅम घ्या. दोन्ही निवांत असून प्रोसेसर दमलेला असेल, तर डिस्कवर पैसे घालू नका. यंत्र फार जुनं असेल तर त्यावर विंडोज ११ चालेल का, हेही पाहून घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

काढलेली हार्ड डिस्क मात्र भंगारात देऊ नका. ती ठीक चालत असेल तर बाहेरच्या खोक्यात बसवून घ्या आणि घरच्या फोटोंची एक प्रत तिच्यावर ठेवा. एसएसडी बिघडते तेव्हा बरेचदा पूर्वसूचना देत नाही. त्यामुळे ही दुसरी प्रत नवी डिस्क बसवण्याच्या दिवशीच करून घ्या.