‘नामा’ लागलेले शब्द

गेवराईच्या तहसील कचेरीच्या आवारात नेहमी कानी पडणारे शब्द घ्या : पंचनामा, करारनामा, जाहीरनामा, राजीनामा. सगळे ‘नामा’वर संपणारे. ऐकणाऱ्याला वाटते, हा आपल्या ‘नाम’चाच, फार तर संत नामदेवांच्या नाममुद्रेचा भाऊबंद. पण हा ‘नामा’ थेट फारसीतून आलेला. तिथे त्याचा अर्थ पत्र, लेख, ग्रंथ. बाबरनामा म्हणजे बाबराचे नाव नव्हे, बाबराने लिहिलेली हकिकत.

करार लिहिला की करारनामा झाला. जाहीरनामा आता मुख्यतः निवडणुकीत भेटतो. पंचनाम्याचा मात्र दबदबा मोठा. पंचांनी डोळ्यांनी पाहिलेले कागदावर उतरवायचे, एवढाच मूळ अर्थ. गोदावरी फुगून काठची पिके पाण्याखाली गेली किंवा गारपिटीने उभे पीक आडवे झाले, की तालुक्यात पहिला प्रश्न ‘पंचनामा झाला का?’ हाच असतो. नुकसान साऱ्या गावाला दिसत असते. भरपाईच्या हिशेबात ते कागदावर चढल्यावरच झालेले धरतात.

खरा घोटाळा राजीनाम्याचा. ‘राजी’ म्हणजे संमत. तेव्हा राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. पण संमती कशाला? उर्दूत आणि हिंदीत वादी-प्रतिवादींनी आपसात केलेल्या तडजोडीला. नोकरी सोडण्याला तिकडे ‘इस्तीफा’ म्हणतात. जुन्या मुंबई इलाख्यात, १८७९च्या जमीन महसूल कायद्याखाली, खातेदाराने जमिनीवरचा हक्क सोडल्याचा लेख तो राजीनामा. नवा धारक लिहून देई ती कबुलायत. आणि आजच्या मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र.

हा भेद गेवराईकरांना पुस्तकी वाटू नये. १७६३ साली याच तालुक्यातल्या राक्षसभुवनला पेशव्यांनी निजामाचा पराभव केला खरा, पण विसाव्या शतकात हा मुलूख निजामाच्याच राज्यात होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत. कचेरीचा कारभार उर्दू. मुंबई राज्यात तो आला १९५६ साली. म्हणजे घरच्या पेटीतल्या जुन्या उर्दू कागदावर ‘राजीनामा’ एवढे वाचून पणजोबांनी जमीन सोडली असे समजणे धोक्याचे. त्यांनी भाऊबंदांशी तडजोड केली असेल, आणि तिच्यात जमीन पदरात पडलेलीही असू शकेल. असा कागद उर्दू जाणणाऱ्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावा. नुसत्या मथळ्यावर भाऊबंदकी पेटवू नये.

फारसी शब्द काढून टाकण्याचा खटाटोप जुनाच आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. अलीकडच्या मराठीत ‘नामा’च्या जागी ‘पत्र’ बसले : मुखत्यारनाम्याचे मुखत्यारपत्र, वकालतनाम्याचे वकीलपत्र. तरीही पंचनाम्याला कुणी ‘पंचपत्र’ म्हणत नाही आणि हिंदीतले ‘त्यागपत्र’ इथे काही रुजले नाही. माझ्या मते, ज्या कागदावर माणसाचे पीकपाणी अडकले, त्याचे नाव तो सहजासहजी बदलू देत नाही. शिवाय जे बदलले तेही अर्धेच. मुखत्यार आणि वकील हे दोन्ही शब्द अरबी; शेपूट संस्कृत झाले, धड होते तेच राहिले. पंचनाम्यात नेमके याच्या उलट : धड देशी, शेपूट फारसी.