घरजमिनीच्या तंट्यांत वकिलाचा सल्ला केव्हां घ्यावा?

आपल्याकडील शेतकरी या बाबतींत दोन टोकांचा आढळतो. कांहीं जण बांधावरून शेजाऱ्याचा बैल गेला तरी कोर्टाची पायरी चढतात, आणि कांहीं जण शेत हातचें जाईपर्यंत वकिलाचें नांव काढीत नाहींत. पहिल्यांचा पैसा जातो. दुसऱ्यांची जमीन जाते. महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों. त्या काळांत दुसऱ्या प्रकारचे लोकच माझ्यासमोर अधिक आले, आणि त्यांपैकीं एकाच्या नुकसानीस माझाहि हातभार लागला. म्हणून हा लेख.

एका कष्टाळू शेतकऱ्याच्या शेजाऱ्यानें पावसाळ्याच्या तोंडावर बांध फोडून पंधरा गुंठ्यांची पट्टी आपल्या रानांत नांगरून घेतली. तो कचेरींत आला तेव्हां मींच त्यास म्हटलें, "अण्णा, सातबाऱ्यावर तुमचें नांव आहे, मग वकिलाचा खर्च कशाला? मोजणीचा अर्ज द्या, म्हणजे झालें." त्यानें अर्ज दिला. मोजणीची तारीख लागली, पुढें गेली, पुन्हां लागली. अखेर नकाशा त्याच्याच बाजूचा निघाला. तो घेऊन तो वकिलाकडे गेला, तेव्हां वकिलानें नकाशा उलगडण्यापूर्वीं एकच प्रश्न केला, "कबजा कोणत्या तारखेस गेला?" हिशेब केला तों सात महिने अकरा दिवस झाले होते.

ज्याचा कबजा त्याच्या संमतीवांचून व कायदेशीर मार्गावांचून काढून घेतला गेला, त्यास दोन जवळचे मार्ग असतात. एक, १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खालीं दिवाणी कोर्टांत दावा. त्यांत मालकी सिद्ध करण्याची गरज नसते, कबजा कोणाचा होता व तो कसा गेला एवढेंच पाहतात. दुसरा, शेतजमिनीपुरता, १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीं तहसीलदारांपुढें दावा. दोहोंची मुदत सहा महिन्यांची. मोजणीचा अर्ज या दोहोंपैकीं एकहि नव्हे, आणि तो दिल्यानें मुदत थांबत नाहीं. पुढें उरतो तो मालकीचा दावा. त्यास सामान्यतः १२ वर्षांची मुदत आहे, परंतु त्यांत सर्व हक्क कागदोपत्रीं शाबीत करावा लागतो. त्या गृहस्थास तोच मार्ग धरावा लागला. निकाल त्याच्या बाजूनें लागला खरा, पण नऊ वर्षांनीं, आणि मध्यें एक बैलजोडी विकावी लागली. पुढें बाजारांत भेट झाली तेव्हां तो इतकेंच म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्हीं वाईट सांगितलें नव्हतें, पण अपुरें सांगितलें."

या अपुरेपणाचें मूळ सातबाऱ्याविषयींच्या गैरसमजांत आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणें त्यांतील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. परंतु केवळ फेरफार झाल्यानें मालकी उत्पन्न होत नाहीं, असें वरिष्ठ न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. गावठाणांतील घराचेंहि तसेंच. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा होय. तो खरेदीखताची जागा घेऊं शकत नाहीं.

तेव्हां वकिलाकडे कोणत्या वेळीं जावें? पहिली वेळ सही करण्यापूर्वींची. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते. साध्या स्टँपवर लिहून घेतलेल्या कागदानें मालकी मिळत नाहीं. जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे काय, बोजा आहे काय, १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याची व त्यांतील दुरुस्त्यांची अडचण येते काय, हें विसार देण्याआधीं तपासून घ्यावें. विसार गेल्यावर सल्ला महाग पडतो.

दुसरी वेळ वाटपाची. भावाभावांनीं वाटप करतांना बहिणींचा विचार न करणें ही जुनी चूक आहे. हिंदु कुटुंबांत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीस मुलाप्रमाणेंच जन्मतः सहदायकाचा हक्क आहे, आणि त्यासाठीं त्या दिवशीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. बहिणीनें खुषीनें हक्क सोडला तरी हक्कसोडपत्र नोंदलेलें असावें. आणि बहिणीनेंहि तें वाचून, समजून मगच सही करावी.

तिसरी वेळ हातीं कागद पडल्याची. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्यास १५ दिवस मिळतात. नोंद मंजूर झाल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्यास ६० दिवस. दिवाणी कोर्टाचें समन्स आल्यास ३० दिवसांत कैफियत द्यावयाची असते. असे कागद देव्हाऱ्यामागें खोंचून ठेवूं नयेत. चौथी वेळ, कबजा वा वहिवाटीची वाट अडविली जाण्याची, वर सांगितलीच आहे.

उलट, वारसाची नोंद, मोजणीचा अर्ज, पीकपाहणी, उताऱ्यांच्या नकला यांसाठीं वाद नसेल तर वकिलावर पैसा घालविण्याचें कारण नाहीं. वारसानें मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास वर्दी द्यावी, म्हणजे पुष्कळसें काम आपोआप होतें.

वकिलाकडे जातांना जुने सातबारे, फेरफार, खरेदीखत, गट नकाशा व मोजणीची नक्कल बरोबर न्यावी. काय घडलें तें तारीखवार एका कागदावर लिहावें. आपल्या बाजूचें दुबळें अंग लपवूं नये. विरुद्ध बाजू तें उघडें करणारच. फी आधीं ठरवावी, पावती मागावी, कोऱ्या कागदावर सही करूं नये. ऐपत नसल्यास तालुक्याच्या कोर्टांतील विधि सेवा समितीकडे जावें. १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहतां तेथें मोफत साह्य मिळतें.

असो. प्रत्येक तंटा कोर्टांत न्यावा असें माझें म्हणणें नाहीं. पंचांपुढें बसून मिटत असेल तर तो अवश्य मिटवावा. परंतु बोलणीं चालू असतां मुदतहि चालूच असते, हें विसरूं नये. ज्या दिवशीं बांध फुटला, नोटीस आली किंवा कोणी सही मागितली, ती तारीख प्रथम लिहून ठेवावी आणि आपल्या हातीं किती दिवस आहेत तें त्याच आठवड्यांत जाणत्या वकिलास विचारावें. हें मीं त्या शेतकऱ्यास सांगावयास हवें होतें.