दोन पेशींचा डोळा

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला नया नगरची दाट वस्ती आहे. तिथून उत्तरेकडे भाईंदर ओलांडले, की वसईची खाडी लागते. ओहोटीच्या वेळी अशा खाडीचा चिखल नीट बघा. त्यात बारीक बारीक बिळे दिसतील. त्यांतली काही सागरी किड्यांची असतात. या किड्यांवर मासे आणि पाणपक्षी पोसतात.

यांपैकी पुष्कळ किड्यांचे बाळपण मात्र पाण्यात तरंगत जाते. या बाळाला डिंभ म्हणतात. युरोपच्या किनाऱ्यावरील ‘प्लॅटिनेरिस’ किड्याचा कोवळा डिंभ मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान असतो. एवढ्याशा जिवाला डोळे कसले, असे तुम्ही म्हणाल. पण त्याला दोन डोळे असतात! प्रत्येक डोळ्यात पेशी दोनच. एकीला उजेड कळतो. दुसरीत रंगद्रव्य असते आणि ती एका बाजूने सावली धरते.

सावली कशाला हवी? डोळे मिटून उन्हात उभे राहा. उजेड आहे एवढे कळेल. आता तळहात चेहऱ्याच्या एकेका बाजूला धरा. ज्या बाजूला धरताच अंधारेल, त्या बाजूने उजेड येतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा.

डिंभाच्या अंगाभोवती सूक्ष्म केसांचा पट्टा असतो. हे केस वल्ह्यांसारखे हलतात आणि डिंभ गिरक्या घेत पोहतो. डोळ्यातील पेशीचा तंतू थेट या केसांच्या पेशींपर्यंत पोचतो. उजेड पडला, की त्या बाजूची वल्ही मंदावतात. एका बाजूचे वल्हे मंदावले, की होडी त्याच बाजूला वळते ना? तसाच डिंभ उजेडाकडे वळतो. गास्पार येकेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हे शोधून २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

डिंभाच्या डोक्याच्या टोकाशी संवेदनपेशींचा एक झुबकाही असतो. पाण्यातील रसायनांची चाहूल त्याला लागते आणि तळाशी उतरण्याची वेळ ठरते. मुंबई बंदरात ‘हायड्रॉइडिस’ नावाचा किडा आढळतो. त्याचा डिंभ जंतूंचा बुळबुळीत थर ओळखून तिथे चिकटतो आणि भोवती चुन्याची नळी बांधतो. मग ती जागा जन्मात सुटत नाही. ती जागा होडीचा तळ असली, तर होडी जड होते आणि नळ्या खरवडण्याचे कष्ट माणसाच्या वाट्याला येतात.

तेव्हा खाडीत कोण कुठे वस्ती करणार, हे अशा चिमुकल्या इंद्रियांवर अवलंबून असते.