माध्यमांचे वाचन : लेखांक ६ – एक छायाचित्र, दोन पहिली पाने

५ मे २०१३ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर झोखर त्सारनाएव या तरुणाचे छायाचित्र छापून आले. विस्कटलेले कुरळे केस, हनुवटीवर विरळ दाढी, अंगात टी-शर्ट आणि नजर थेट कॅमेऱ्यात. स्वतःच काढलेला फोटो. १५ एप्रिलला बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ झालेल्या दोन स्फोटांत तीन जण ठार आणि अडीचशेहून अधिक जखमी झाले होते. तो तेव्हा त्या प्रकरणातला आरोपी होता. वाचकांनी बातमी वाचली, पान उलटले. जुलैच्या मध्यावर तेच छायाचित्र 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि गदारोळ उठला. बोस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी प्रकाशक यान वेनर यांना खरमरीत पत्र धाडले. सीव्हीएस आणि वॉलग्रीन्स या औषध दुकानांच्या साखळ्यांनी अंक विक्रीला ठेवायचे नाकारले.

बदलली होती ती फक्त चौकट. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेल्या या नियतकालिकाच्या पहिल्याच मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. पुढे तिथे झळकणे ही प्रसिद्धीची पावतीच ठरली. १९७२ मध्ये 'डॉ. हुक' या वाद्यवृंदाने या मुखपृष्ठाच्या हव्यासावरच एक विनोदी गाणे गायले, ते गाजले आणि पुढच्या वर्षी त्यांना ती जागा मिळालीही; छायाचित्र नव्हे, अर्कचित्र. वर्तमानपत्राचे पहिले पान 'ही आजची मोठी बातमी' एवढेच सांगते. या मुखपृष्ठाला मात्र 'हा आजचा तारा' असे सांगायची सवय जडलेली. जून १९७० मध्ये तिथे चार्ल्स मॅन्सन हा खुनाचा आरोपी येऊन गेला होता, पण हे आठवणारा वाचक जुना.

ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रातील स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. निर्माता संदेशात अर्थ भरतो. ग्राहक तो आपल्या अनुभवाच्या किल्लीने उघडतो. दोन्ही अर्थ जुळतीलच असे नाही. हॉल यांच्या मते वाचन तीन प्रकारे होते : निर्मात्याला हवे तसे, काही स्वीकारून काही नाकारून, किंवा पूर्ण विरोधात. त्यांचा विषय दूरचित्रवाणी होता. मुखपृष्ठाला मात्र ही मांडणी जास्तच लागू पडते, कारण गल्ल्याजवळच्या मांडणीवर ते दोन-तीन सेकंदांत, आतला लेख न वाचताच वाचले जाते.

संपादकांना हवे असलेले वाचन असे : बघा, किती साधा दिसतो, क्रौर्य चेहऱ्यावर लिहिलेले नसते. छायाचित्राशेजारच्या ओळींत लोकप्रिय, होतकरू विद्यार्थी कट्टरतेकडे कसा ढळला हे सांगून शेवटी त्याला राक्षस म्हटले होते. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये अशा मजकुराला नांगराची उपमा दिली होती. चित्राचे अनेक अर्थ भरकटू नयेत म्हणून टाकलेला. इथे नांगर धरला नाही. हातभर अंतरावरून आधी दिसले ते वरचे ओळखीचे नाव आणि खालचा देखणा चेहरा. अनेकांना तो रॉक गायक जिम मॉरिसनसारखा भासला.

मौज अशी, की विरोधकांना 'राक्षस' हा शब्द मान्यच होता. त्यांनी नाकारले ते त्याला दिलेले आसन. उलट, समाजमाध्यमांवर त्याच्या सुटकेची मागणी करणाऱ्या तरुण चाहत्यांना चेहरा मान्य होता, शब्द नव्हे. दोघांनीही अर्धे घेतले, अर्धे टाकले. तरी हॉल यांच्या मधल्या खणात दोघांना एकत्र कोंबणे जडच जाते. माध्यम-संशोधक डेव्हिड मॉर्ली यांनाही असाच अनुभव आला होता. 'नेशनवाइड' हा बीबीसीचा कार्यक्रम २९ गटांना दाखवून त्यांनी १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. बँक व्यवस्थापक आणि कामगारवर्गातले शिकाऊ उमेदवार यांचे वाचन बरेचसे जुळले, कामगार प्रतिनिधींचे मात्र विरोधी निघाले. केवळ वर्गावरून वाचन ठरत नाही.

खपावरून तर मुळीच नाही. त्या अंकाची किरकोळ विक्री नेहमीच्या सुमारे दुप्पट झाली, पण घेणाऱ्यांत संतापलेले किती, संग्राहक किती आणि चाहते किती, हे त्या आकड्यात दिसत नाही.

सर्वांत ठोस विरोधी वाचन केले ते एका छायाचित्रकाराने. मॅसॅच्युसेट्स राज्य पोलिसांतील सार्जंट शॉन मर्फी यांनी १९ एप्रिलच्या रात्री वॉटरटाउनमध्ये टिपलेली अटकेची छायाचित्रे 'बोस्टन' मासिकाला दिली. त्यांत तोच तरुण एका बोटीतून रक्ताळलेला बाहेर येतो. कपाळावर नेमबाजाच्या लेझरचा लाल ठिपका. खरा चेहरा हा आहे, असे मर्फी यांचे म्हणणे होते. बोस्टनमधल्या अनेकांनी त्यांना दुवा दिला. त्यांच्या खात्याने त्याच छायाचित्रांत नियमभंग वाचला आणि कारवाई केली.