गाणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत?

मार्चमध्ये आमच्या वस्तीत जयंतीच्या तयारीची बैठक झाली. वर्गणीचा हिशोब लवकर आटोपला आणि मग नेहमीप्रमाणे विषय गाण्यांवर गेला. कोणाचं आवडतं गाणं कोणतं, ते पहिल्यांदा कुठे ऐकलं. एका बाबांनी लहानपणी बघितलेला वामनदादा कर्डकांचा कार्यक्रम सांगितला, पहाटेपर्यंत माणसं हलली नव्हती म्हणे. एका मावशींनी प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटची गोष्ट सांगितली. टेपमध्ये फीत अडकली की मावशी पेन्सिल घालून ती हळूहळू गुंडाळायच्या, कारण दुसरी कॅसेट घ्यायला थेट सहा डिसेंबरची वाट बघावी लागे. पोरांनी मोबाइल काढले. कोणी कडूबाई खरात लावल्या, कोणी आनंद शिंदे, कोणी डीजेचं रिमिक्स.

एक बावीस वर्षांचा मुलगा गप्प होता. पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, मला ठेका बरोबर कळतो. पण नवीन गाणं असलं की शब्द समजत नाहीत. सगळे एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात." बाकीची पोरं हसली. मला हसू आलं नाही. नर्स म्हणून नाक-कान-घसा विभागात काम करताना हेच वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं होतं, पण ते सगळे पन्नाशी-साठीचे होते.

त्याच्या कानात काय झालं असेल ते आधी समजून घेऊ. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, गोगलगायीच्या शंखासारखा एक छोटा अवयव असतो. त्यात पाणी असतं आणि अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात. जन्मतः एका कानात साधारण १५ हजार. आवाज आला की पाणी हलतं, केस वाकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. जत्रेच्या मैदानातल्या गवतासारखं समजा. एका दिवशी माणसं तुडवून गेली तर गवत दोन दिवसांत पुन्हा उभं राहतं. मिरवणुकीनंतर कान बधिर होतात, कानात शिट्टी वाजते आणि सकाळपर्यंत बरं वाटतं, ते हेच. पण रोज तुडवलं तर तिथे गवत उगवतच नाही. या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन करून त्या परत बसवताही येत नाहीत. आणि सकाळी बरं वाटलं म्हणजे सगळं गवत परत आलं असंही नाही.

मोठ्या आवाजाचा पहिला मार बसतो तो बारीक, उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या पेशींवर. ढोलकीची घुमी, डीजेचा बेस, माणसाच्या बोलण्यातले आ, ई, ओ हे स्वर बऱ्यापैकी खालच्या पट्टीत असतात. स, श, ख, थ, फ, ट ही व्यंजनं उंच पट्टीची आणि मुळातच हलकी. कान बिघडायला लागला की आधी ही व्यंजनं पुसली जातात. 'सात', 'हात', 'खात' हे तिन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणून माणूस बहिरा झाल्यासारखा वाटत नाही. त्याला हाक ऐकू येते, गाडीचा हॉर्न ऐकू येतो, गाण्याचा ठेका तर उत्तमच ऐकू येतो. फक्त गाण्यात काय म्हटलंय ते कळत नाही.

दुसऱ्या कुठल्या गाण्यांचं एक वेळ चालेल. आपल्या गाण्यांचं चालत नाही, कारण आपली गाणी शब्दांवर उभी आहेत. भीमराव कर्डकांचे जलसे असोत की वामनदादा, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार गेला तो गाण्यातून, कानावाटे. आजचंच बघा. कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन गातात. त्यांचे व्हिडिओ घराघरांतल्या मोबाइलवर पोचले ते बॉक्सच्या भिंती लावून नाही.

इथे एक फसगत होते, ती सांगते. पाठ असलेलं गाणं कानाची परीक्षा घेत नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "माझे कान चांगले आहेत, प्रल्हाद शिंदेंचा शब्द न् शब्द ऐकू येतो." नातीने शाळेतलं नवीन गाणं म्हणून दाखवलं तेव्हा मात्र नुसत्या मान हलवत राहिल्या. जुन्या गाण्यातले हरवलेले शब्द मेंदू आठवणीतून भरून काढतो. घरातल्या कोणाचा संशय आला तर पूर्वी न ऐकलेलं गाणं मध्यम आवाजात लावा आणि शब्द सांगायला लावा. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण अंदाज येतो.

आता किती आवाज म्हणजे जास्त? आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं ६० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास चालतो. लहान मुलांना ७५. पुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ताकद दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्यात ४ तास. १०० डेसिबलला २० मिनिटं, आणि तीही दिवसाची नव्हेत, आठवड्याची. डीजेच्या बॉक्ससमोर आवाज शंभराच्या पुढे सहज जातो आणि आपली पोरं तिथे पाच-सहा तास नाचतात. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे मोकळ्या मैदानापेक्षा मार जास्त. पत्र्याच्या घरात झोळीतल्या बाळालाही तो चुकत नाही.

मोबाइलचं दुखणं वेगळं. मिरवणूक वर्षातून एकदोनदा, इयरफोन रोजचा. पूर्ण आवाजावर बरेच इयरफोन शंभराच्या जवळपास जातात. लोकलमध्ये, बसमध्ये, मशीनच्या धडधडीत गाणं ऐकायचं तर माणूस बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज वाढवतो, आणि गोंगाट संपल्यावर कमी करायचं विसरतो. काही मुली रात्री कानात गाणं लावूनच झोपतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, एकीने स्वतःसाठी थोडा एकांत शोधला तर तिला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. पण आवाज कमी ठेवायचा, आणि गाणं अर्ध्या तासात आपोआप बंद होईल असा टायमर लावायचा, एवढं तिने ऐकावं.

आपल्या वस्तीतल्या कानांचा आणखी एक हिशोब आहे, तो इंग्रजी पुस्तकांत फारसा दिसत नाही. त्या प्रेसवाल्या मुलाचंच घ्या. मशीनजवळ ९० डेसिबल धरले तरी त्याचा आठवड्याचा कोटा सोमवारी दुपारीच संपतो. पुढचे पाच दिवस तो उधारीवर ऐकतो, त्यावर संध्याकाळी इयरफोन, त्यावर एप्रिलमध्ये डीजे. वेल्डिंग-ग्राइंडिंगवाले, यंत्रमागावरचे कामगार, बांधकामावर ब्रेकर चालवणारे, सगळ्यांचं हेच. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनची इंजेक्शनं घेतलेल्या काहींचे कान आधीच अधू झालेले असतात. एसीत बसून काम करणाऱ्या माणसाचा कान आणि आपला कान गाण्यापाशी एकाच ताकदीने पोचत नाही.

बैठकीत हे बोलले तेव्हा एक कार्यकर्ता चिडला. "ताई, सगळ्यांना आमच्याच जयंतीचा आवाज टोचतो. बाकीच्यांच्या मिरवणुका दिसत नाहीत का?" त्याचा राग खोटा नाही. कायदा बोट दाखवतो तेव्हा आधी आपल्याकडे दाखवतो, हे मीही बघितलंय. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम मात्र सगळ्यांना सारखे आहेत: राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद, वर्षातले ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. पण मी पोलिसांची बाजू मांडायला आले नव्हते. दुसऱ्यांच्या मिरवणुकीत डीजे आहे म्हणून आपल्या पोराचा कान वाचत नाही, एवढंच माझं म्हणणं.

मग करायचं काय? मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. कानात गाणं चालू असताना हातभर अंतरावरच्या माणसाचं बोलणं कळलं नाही, तर आवाज जास्त आहे. मिरवणुकीत बॉक्सच्या तोंडासमोर नाचू नका, बाजूला किंवा मागे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. तासाभराने दहा-पंधरा मिनिटं लांब जाऊन कानाला विसावा द्या. बाळांना आणि हृदयाचा, बीपीचा त्रास असलेल्यांना त्या वेळी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला पाठवा.

कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. फोमचे इयरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात. बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता दारात अडकवला तर उपयोग नाही. एकमेकांचे इयरफोन वापरू नका, कान फुटलेल्याचे तर मुळीच नको. आणि कानात कोमट तेल घालू नका. बिघाड जिथे आहे तिथपर्यंत तेल पोचतही नाही.

शिट्टी दोन दिवसांनीही थांबली नाही तर कानाची तपासणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी नाक-कान-घसा डॉक्टरकडे जा. मळ असेल, सर्दी असेल म्हणून थांबू नका. अशा वेळी स्टिरॉइडची औषधं पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर ऐकू परत येण्याची आशा जास्त असते. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलं की विमानातून उतरताना त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी विषाणूमुळे कानाच्या नसेला इजा झाल्याचं निदान केलं. त्यांचं कारण वेगळं होतं, तरी मोठं संगीत आणि हेडफोन यांपासून जपा असं त्यांनी चाहत्यांना आवर्जून सांगितलं.

तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. टोचणं नाही, दुखणं नाही. हेडफोन लावून बारीक आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात होते, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही होते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि कमी उत्पन्नाचा दाखला असेल तर केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं.

त्या मुलाला मी सोबत घेऊन गेले. त्याच्या आलेखात चार हजार हर्ट्‌झपाशी दोन्ही कानांना खड्डा आहे, उजव्याला जास्त. मशीन उजवीकडे असतं. आता तो कामावर प्लग लावतो. जयंतीला त्याने बॉक्स चौकात लांब ठेवायला लावले आणि संध्याकाळी विहारासमोर दोन तास नुसती ढोलकी, पेटी आणि गाणारे. तो पहिल्या रांगेत बसला होता, गाणाऱ्याच्या ओठांकडे बघत.